प्लॅटफॉर्मवरच्या माणसांसाठी एक शब्द

सर,

मागच्या शुक्रवारी मी एका मुलीचं नाव हजेरीपटावरून कापलं. लाल शाईने, पट्टी लावून, सरळ रेघ मारली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "भटके कुटुंब. ठावठिकाणा नाही." अक्षर माझंच होतं, ज्याचं तुम्ही वर्गात कौतुक करायचात तेच वळणदार अक्षर. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्या नावाने कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत आणि आज एकदम पानंच्या पानं घेऊन बसले, म्हणजे तुमच्या या विद्यार्थिनीचं काहीतरी बिनसलं असणार, हे तुम्ही ओळखलं असतंत. बिनसलंच होतं. ते मी निस्तरलं आहे, निदान माझ्या हातात होतं तेवढं तरी. पण ते निस्तरायची रीत तुमची होती, म्हणून तुम्हाला सांगायला हवं.

मी आता पोंभुर्णा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका आहे. मुख्याध्यापिका म्हणजे फार काही नाही. पाच वर्ग, दोन शिक्षक, त्यातली एक मी, आणि शाळेची किल्ली, खिचडीचा तांदूळ आणि वरून येणारे सगळे कागद माझ्या गळ्यात. जानेवारी लागला की आमच्या गावातली चार-पाच घरं तेलंगणात मिरची तोडायला जातात आणि काही मुलंही बरोबर जातात. बाकीची मुलं आजीजवळ राहतात, आत्याकडे राहतात. ही मुलगी पाचवीतली, तिच्या घरी मागे ठेवायला कोणी नाही. महिनाभर तिच्या नावापुढे गैरहजेरीचं शून्य पडत गेलं. गुरुवारी केंद्रप्रमुखांचा फोन आला की मंगळवारी तपासणीला येतो, सतत गैरहजर असलेल्यांचं काय ते करून ठेवा. माणूस वाईट नाही, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे, त्याच्याही डोक्यावर कोणीतरी बसलेलं आहेच. तो म्हणाला, "मॅडम, हे लोकं भटकतच राह्यतेत. किती दिवस वागवता ते नाव?" मी दमले होते, दिवसभर ऑनलाइन माहिती भरत होते आणि रेंज जात होती. मी कापलं.

तुम्हाला वाटेल, नाव कापलं तर त्यात काय, परत आली की परत घालायचं. कायदा तेच सांगतो. पण मी गेल्या वर्षी दोघी बहिणींची नावं अशीच कापली होती. एप्रिलमध्ये त्या आईबरोबर फाटकापर्यंत आल्या. मी वर्गात होते. आमच्या खिचडीवाल्या बाईंनी सांगितलं की नाव नाही, बाईंना भेटा, अर्ज करा. त्यांची आई म्हणाली, "नाव नाई म्हणते न, तं राहू द्या." आणि त्या मागे फिरल्या. त्यांच्या घरी मी नंतर तीनदा गेले. दोघी आता बकऱ्या चारतात आणि मला पाहिलं की रस्ता बदलतात. म्हणजे नाव कापल्यावर काय होतं ते मला पक्कं माहीत होतं, सर. माहीत असून हात चालला.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बसला निघाले तर वाटेत त्या पाचवीतल्या मुलीचं घर. दाराला कुलूप होतं. पडवीत मातीची चूल होती, आणि ती पाहून मी थांबले. चुलीला पांढऱ्या मातीचा ताजा हात फिरवलेला, आत दोन बारीक लाकडं आडवी-उभी रचून ठेवलेली, वर पालथं टोपलं. कुत्र्यामांजरांनी आत बसू नये म्हणून. शेजारची म्हातारी ओसरीवर मोहाची जुनी फुलं निवडत होती, किल्ली तिच्या कमरेला. मी विचारलं, कुठे गेले काही सांगून गेलेत का? ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की एवढी शिकलेली बाई आणि हे काय विचारते. "मिरचीवर गेलेत जी. येतेत न. चूल लावून गेली हाय न ते, दिसून नाई राह्यली काय?"

दिसत होती. आणि मलाच सगळ्यात आधी दिसायला हवी होती, कारण आमच्या घरीही हेच होतं. मी लहान असताना, आम्ही बल्लारपूरला येण्याआधी, आई-बाबा कामावर निघाले की आई शेवटचं काम हेच करायची. सगळं गाठोड्यात बांधून झालं, दार लावायचं राहिलं की ती चूल सारवायची आणि आत दोन लाकडं लावून ठेवायची. थकून भागून परत आल्यावर सरपण शोधत फिरायला लागू नये, आल्या आल्या चहाचं आधण चढावं. बाबा म्हणायचे, घर सोडून जाणारा माणूस चूल लावून जात नाही. आणि त्यांची मुलगी शुक्रवारी ठावठिकाणा नाही असं लिहून मोकळी झाली. मला स्वतःचा इतका राग आला की बस सोडून मी तिथेच पायरीवर बसले. म्हातारीने पाणी दिलं.

बाबांचा विषय निघालाच आहे तर आता नववीतली ती गोष्ट सांगते. तुम्हाला ती माझ्याइतकीच माहीत आहे, पण माझ्या बाजूने माहीत नाही.

इंग्रजीचा तास चालू आहे. धड्यात ट्रॅम्प हा शब्द येतो. तुम्ही खडू घेऊन वळता आणि म्हणता, ट्रॅम्प म्हणजे घरदार नसलेला, कामधंदा न करता भटकणारा माणूस. मुळात त्या शब्दाचा अर्थ पाय आपटत चालणं, नुसतं चालतच राहणं, त्यावरून अशा माणसाला ते नाव पडलं. वर्गाचे चेहरे कोरे. तेव्हा तुम्ही आमच्यासाठी सोपं करता. "अरे, ते बल्लारशाच्या प्लॅटफॉर्मवर गाठोडे घेऊन पडून राह्यतेत नाई का, ते. पाह्यले का कोणी?" आमच्याच बल्लारपूरचं ते स्टेशन, सगळ्यांनी पाहिलेले असतात. वर्ग हसतो. मीही हसते, जरा मोठ्यानेच. त्या आठवड्यात माझे बाबा त्या प्लॅटफॉर्मवर होते, तिसरा दिवस.

घर पाऊण मैलावर असून ते स्टेशनवर का झोपायचे, हे मी तुम्हाला तेव्हा सांगू शकले असते. मुकादम टोळी गोळा करायचा. गाडी कोणती धरायची हे तो ऐनवेळी ठरवायचा, आणि जो समोर बसलेला असेल त्याला घ्यायचा. घरी जेवायला गेला तो मागे राहिला. म्हणून माणसं गाठोडं उशाला घेऊन तिथेच बसायची, प्लॅटफॉर्मवर जागा धरणं हीच कामाची पहिली हजेरी. आई सकाळी पेपर मिलच्या साहेबांच्या घरी भांडी घासायला जायची आणि संध्याकाळी मी बाबांचा डबा घेऊन जायची. भात आणि अंबाडीची भाजी.

त्याच दिवशी संध्याकाळी मी डबा घेऊन गेले आणि तुम्ही समोर. राजुऱ्याला घरी जाण्याआधी तुम्ही स्टेशनच्या स्टॉलवरून इंग्रजी पेपर घ्यायचात, तो नागपूरहून संध्याकाळच्या गाडीने यायचा, हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही विचारलंत, इथे काय करतेस बेटा, हे कोण? बाबांच्या हातात मी आणलेला डबा होता, झाकण उघडून पहिला घास घ्यायचा होता. मी म्हटलं, शेजारचे आहेत सर, आईने डबा दिला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डबा खाली ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, "हो जी. शेजारीच राह्यतो. पोरगी चांगली हाय त्यायची."

सर, मी पुढे बरंच काही शिकले, दोन परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले, चारचौघांत भाषणं केली. पण तेवढं मोठं मन मी पुन्हा कुठे पाहिलं नाही, आणि ते पाहून मला तेव्हा कळलं काय, तर वाचले बुवा. एवढंच.

तुम्ही लगेच निघाला नाहीत. पेपरची घडी काखेत मारलीत आणि त्यांच्या शेजारी बाकाच्या कडेला टेकलात. भाऊ, काम कोणतं करता, असं विचारलंत. बाबांना असं कोणी विचारत नसे. त्यांनी वर्ष मांडलं तुमच्यापुढे. दिवाळीनंतर गडचिरोलीकडे बांबू तोडायचा, तो याच बल्लारपूरच्या मिलमध्ये येतो आणि त्याचा कागद होतो. संक्रांतीनंतर मिरची. होळीला परत, मग मोह वेचायचा, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात धानाची रोवणी. "रिकामा मयना एकबी नाई जी," ते म्हणाले. तुम्ही काखेतल्या पेपरकडे पाहिलंत, जणू हा कुठल्या बांबूचा असेल असं, आणि मला म्हणालात, अंधाराच्या आत घरी जा.

पुढच्या सोमवारी तुम्ही फळ्यावर तीन शब्द लिहिलेत. होबो, ट्रॅम्प, बम. खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, "मागच्या हप्त्यात मी तुमाले चुकीचं शिकवलं. मास्तर चुकला तं त्यानं वर्गातच सांगावं." आमच्या शाळेत मास्तर कधी चुकत नसत, त्यामुळे मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढे सरकून ऐकायला लागली. मग तुम्ही सांगितलंत की अमेरिकेत मालगाड्यांवरून गावोगाव जाणाऱ्या या लोकांनी आपसांत फरक केलेला होता. जो कामासाठी फिरतो तो होबो. जो नुसता फिरतो, होता होईतो काम टाळतो, तो ट्रॅम्प. जो फिरतही नाही आणि कामही करत नाही तो बम. लांबून तिघंही सारखेच दिसतात, कपडे मळलेले, हातात गाठोडं. म्हणून नाव ठेवायच्या आधी जवळ जायचं आणि विचारायचं, भाऊ, काम कोणतं करता. होबो हा शब्द आला कुठून, हे कोणीतरी विचारलं. तुमचा चेहरा खुलला, गोष्ट सांगायची संधी तुम्ही कधी सोडली नाहीत. तुम्ही म्हणालात, खांद्यावर कुदळ टाकून शेतावरून शेतावर काम मागत जाणारी पोरं असायची, कुदळीला ते हो म्हणतात आणि पोराला बॉय, त्याचंच पुढे होबो झालं. आणि तुम्ही डस्टर खांद्यावर ठेवून वर्गात चालून दाखवलंत.

तास संपल्यावर मला थांबवून तुम्ही तुमची डिक्शनरी दिलीत. तुमची स्वतःची, पुठ्ठा सुटलेली, तुमच्या वडिलांच्या शिलाई दुकानातल्या जाड दोऱ्याने टाके घातलेली. होबोच्या पानात बसचं जुनं तिकीट खुणेला घातलेलं होतं. "घरी जाऊन पाह्य," एवढंच म्हणालात. तुम्हाला खरं कळलं होतं की नाही, हे मी कितीतरी वर्षं स्वतःला विचारत असल्याचं नाटक केलं. त्याबद्दल शेवटी लिहीन.

आता पुन्हा शनिवार. पायरीवरून उठले ती ठरवूनच उठले की हे नाव परत बसणार. केंद्रप्रमुखांना तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, पालकांचं लेखी आणा की आम्ही अमुक महिन्यात परत येतो, मग पाहू. मिरचीच्या शेतातून लेखी कोण पाठवणार, हे त्यांनाही माहीत होतं. मी म्हटलं, आणते. म्हातारीकडून मुकादमाचा नंबर घेतला, त्याच्याकडून गावाचं आणि स्टेशनचं नाव घेतलं, आणि रविवारी सकाळी बल्लारशाला जाऊन तिकीट काढलं. मुलगा फोनवर म्हणाला, आई, तुला काय एकटीनेच देश चालवायचा आहे का? म्हटलं देश नाही रे, पाचवीचा वर्ग.

गाडी दोन तास उशिरा होती. प्लॅटफॉर्म बदलला आहे, फरशी आली, पंखे आले, पण माणसं तीच. टोळ्या बसलेल्या, गाठोड्यांच्या जागी आता खताच्या पिशव्या शिवून केलेल्या थैल्या. बाक भरलेले होते. मी खाली त्यांच्यात बसले. माझ्या साडीकडे आणि पर्सकडे पाहून एका बाईने सरकून जागा दिली आणि विचारलं, तुम्ही कुठे निघालात? मी म्हटलं, मिरचीवर. ती हसली, तिला वाटलं मी थट्टा करते. मग मी शाळेतल्या मुलीचं सांगितलं. ती म्हणाली, "बाई, तुमाले इथी खाली बसाची आदत नसंन."

मी म्हटलं, "आहे. माझे बाबा इथंच बसायचे. तीन-तीन दिवस. मी त्यांचा डबा आणायची."

वाक्य साधंच होतं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही, तिने मान हलवली आणि तिच्या डब्यातला भात पुढे केला. पण मला ते त्या जागेवर म्हणायला अडतीस वर्षं लागली. मी तिच्यासोबत जेवले.

मुलगी सापडली दुपारी. स्टेशनपासून ऑटो, मग बांधाबांधाने चालत. मिरचीच्या शेतात शिरलं की पहिल्यांदा खोकला येतो आणि मग डोळे. बायकांनी तोंडाला फडकी बांधलेली, त्यामुळे मला कोणी ओळखू येईना. तिनेच मला ओळखलं. तोडलेल्या मिरच्या ओच्यात घेऊन ती उभी राहिली, आणि नमस्ते नाही, कशा आलात नाही, पहिलं वाक्य हे, "बाई, माहं नाव हाय न जी शाळेत?"

मी हाय म्हटलं. लाल रेघ माझ्या पिशवीतल्या हजेरीपटात होती.

तिची आई संकोचून गेली, बसायला पोतं झटकून दिलं. वडिलांना मी लिहून आणलेला कागद वाचून दाखवला. त्यात मी सरकारी भाषेत लिहिलं होतं की आम्ही उदरनिर्वाहासाठी तात्पुरते स्थलांतरित झालो असून वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सहीसाठी पेन पुढे केलं तर हात मागे घेतला. तिखटाने बोटं सुजलेली होती, ते फडक्याला पुसत म्हणाले, "एवढं कायले जी? आमी कुठी गेलो नाई. कामावर हाओ. तेवढंच लिव्हा." मी तो कागद फाडला आणि कोऱ्या कागदावर तेच लिहिलं, आम्ही कामावर आहोत, होळीनंतर गावात येऊ, मुलगी वार्षिक परीक्षा देईल. त्यांनी सावकाश सही केली. येताना मुलीच्या आईने वाळलेल्या मिरच्या बांधून दिल्या. त्यांना मजुरीच मिरचीत मिळते, म्हणून मी नको म्हणत होते, पण त्या बाईपुढे माझं काही चाललं नाही.

सोमवारी प्रार्थनेनंतर मी हजेरीपट मुलांसमोर उघडला. लाल रेघ दाखवली. म्हटलं, मी चुकले, आणि मास्तरीण चुकली तर तिने वर्गातच सांगावं. मग शेऱ्यातल्या माझ्या त्या चार शब्दांवर रेघ मारली, खाली मुलीचं नाव पुन्हा लिहिलं, पुढे लिहिलं, "कुटुंब कामावर आहे," आणि सही केली. पहिलीतल्या एकाने विचारलं, बाई, तुम्हाला आता कोण मारणार? मंगळवारी केंद्रप्रमुख आले. पान पाहून म्हणाले की मॅडम, हजेरीपटात खाडाखोड चालत नाही. मी म्हटलं, खाडाखोड शुक्रवारी केली होती, ही दुरुस्ती आहे. त्यांनी पालकांचा कागद दोनदा वाचला आणि फाइलला लावला. वरून विचारणा येईल म्हणाले. येऊ दे. त्या मुलीचं नाव आता माझ्या हाताने निघणार नाही, आणि गेल्या वर्षीच्या त्या दोघींच्या घरी मी या रविवारी चौथ्यांदा जाणार आहे. रस्ता बदलला तर मीही बदलीन.

आता ती राहिलेली गोष्ट. सर, तुमची कुदळीची गोष्ट पक्की नाही. मी नंतर मोठ्या डिक्शनऱ्या पाहिल्या. कोणी म्हणतं ती रेल्वेतल्या हमालांची हाक होती, कोणी आणखी काही म्हणतं, आणि शेवटी सगळे हात वर करतात. तुमच्या डिक्शनरीतही तेच लिहिलं होतं, मूळ अज्ञात. म्हणजे तुम्ही ते वाचलेलं होतं आणि तरी डस्टर खांद्यावर टाकून चाललात. मी मुलांना दरवर्षी तुमचीच गोष्ट सांगते, चालूनही दाखवते.

पण त्या पानावर मूळ अज्ञात या शब्दांपुढे तुम्ही पेन्सिलीने लिहिलं होतं, "वडिलांना विचार."

मी ते त्याच दिवशी घरी पोचायच्या आत वाचलं. मैत्रिणी डिक्शनरी मागतील, पाहतील, म्हणून रस्त्यात थांबून खोडलं. बाबांना काही विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि ते गेले तोवरही नाही. तुम्ही दाबून लिहिलं होतंत, सर. आत्ताही पानावर बोट फिरवलं की अक्षरं लागतात.